दोन कुंपणांमधलं थिसल

सास्काटून
४ ऑक्टोबर १९८३

प्रिय नेस्टरमामा,

तण फवारणीनं मेलं की थंडीनं मेलं, हे मागाहून कुणाला ओळखता येतं का? तुमच्या अख्ख्या पत्रात एवढं एकच वाक्य होतं, आणि त्याचं उत्तर मला येत नाही.

हे लिहिताना लाज वाटते. आपल्या घरातली पदवी घेतलेली मी पहिली. तुम्ही माझा पदवीदानाचा फोटो पोस्टाच्या खिडकीशेजारी लावायला लावलात. आणि शेतीखात्यात लागून पहिला हिवाळा यायच्या आत मी मामाच्याच प्रश्नापुढे गप्प! आमच्या साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुझा मामा तण मारतोय की खून पचवतोय?" मला ते मुळीच आवडलं नाही. चार वर्षांत विद्यापीठात हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तिथे सगळ्यांना तण मेल्याशी मतलब. कशानं मेलं याचा विचार तुम्ही केलात. मला तुमचा अभिमान वाटला.

जे ठाऊक आहे ते सांगते. कापणी झाली की थिसलसारखं दरवर्षी फुटणारं काटेरी तण पानांतलं अन्न खाली मुळांत उतरवायला लागतं. त्या दिवसांत फवारलं तर औषधही त्याबरोबर खाली जातं, आणि थिसलचा खरा जीव मुळात असतो. पहाटे दव गोठून गवत पांढरं झालं, हलकं दहिवर पडलं, तर घाबरू नका. मात्र कडक थंडीनं पान काळं पडलं की औषधाची वाट बंद. म्हणून दहिवरानंतर दोन-तीन दिवस थांबायचं, पान हिरवं नि लवचिक आहे का ते बोटात धरून पाहायचं, आणि उन्हाच्या दुपारी, हवा दहा अंशांच्या वर गेली की फवारायचं. थंडीत औषध सावकाश काम करतं. बरेच दिवस काहीच दिसत नाही, आणि तोवर हिवाळा येऊन सगळंच मारून टाकतो. त्यामुळे मागाहून ओळखता येणार नाही, असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे माहीत असणं नव्हे.

तण कुठल्या शेतातलं? आणि फोन का नाही केलात?

तुमची,
ओरिसिया


झोरिया
७ ऑक्टोबर

ओरिसिये,

फोन म्हणे! आमच्या एका तारेवर नऊ घरं लटकलीत. मी रिसीव्हर उचलला की आठ घरांतल्या बायका भांडी विसळायच्या थांबतात. कौन्सिलचा तण-निरीक्षक तणाबद्दल भाचीला सल्ला विचारतोय, हे त्यांना ऐकवू? उद्या म्हणशील पाद्रीबुवांनी प्रार्थना विचारायला पोराला फोन करावा.

आणि दहा अंश कुठले? माझा थर्मामीटर जुन्या अंशांचा. त्यात दहाला नाकातले केस गोठतात. सरकारनं अंश बदलले ते सरकारपाशी.

तण कुणाचं विचारतेस. कुणाचंच नाही, तीच तर भानगड आहे! माझ्या आणि झेनोन होलोवाटीच्या कुंपणांमधली ती पट्टी तुला आठवते ना? लहानपणी तू तिथे ससे शोधायचीस. काडाच्या आगीत जुनं कुंपण जळालं तेव्हा मी नवं घातलं. त्याची इंचभर जमीन खाल्ली असं कुणी म्हणू नये, म्हणून मुद्दाम माझ्या बाजूला चांगलं मागे सरकून घातलं. तर त्या शहाण्यानंही आपलं वेगळं कुंपण घातलं, तेही मागे सरकून! म्हणजे मी काय चोर, की माझ्यापासून सरकून राहावं? तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही.

आता त्या पट्टीत थिसल माजलंय. मी निरीक्षक म्हणून झेनोनला नोटीस दिली. त्यानं ती परत पाठवली, की पट्टी तुझी. वर कौन्सिलकडे तक्रार केली, की निरीक्षकाच्याच दारात तण! कौन्सिल म्हणालं, नेस्टर, मग स्वतःला नोटीस बजाव. मी कायद्याचा माणूस. निरीक्षकाची टोपी घातली, घरी गेलो, माझं दार ठोठावलं. कुणी उघडलं नाही. मालक घरात नाही, सबब नोटीस बजावता आली नाही, असं लिहून कळवलं. यात माझं काय चुकलं सांग.

काल सकाळी कॅफेत सगळे कॉफीला बसले होते. झेनोन माझ्यासमोरच बसतो, त्याची जागा तीच. आमचं जे काही असेल ते मधे बसणारा स्लावको इकडून तिकडे सांगतो. मी म्हणालो, "स्लावको, त्याला सांग, जो फवारेल त्याची पट्टी." झेनोन म्हणाला, "स्लावको, सांग त्याला, कबूल. देवाशप्पथ." सगळ्या टेबलानं ऐकलं. आता ना तो फवारणार ना मी, कारण फवारलं की पट्टी आणि तिच्यातलं तण दोन्ही गळ्यात. १ नोव्हेंबरला कौन्सिलची बैठक आहे. तोवर तण उभं राहिलं तर माझी टोपी जाणार.

तुझा प्रश्न चांगला म्हणालीस ते बरं वाटलं. मी तो नुसता आपला ज्ञानासाठी विचारला होता.

मामा


झोरिया
८ ऑक्टोबर

कु. ओरिसिया सावका, शेतीखाते, यांस,

पत्र खासगी समजावे. खाली सही करणारा होलोवाटी झेनोन तुम्हाला परका नाही. लहानपणी माझ्याच अंगणातल्या बर्फावर आपटून तुमचा पुढचा दात पडला होता, हा संबंध लक्षात घ्यावा.

एका शेतकऱ्याला (नाव महत्त्वाचे नाही) जाणून घ्यायचे आहे, की कापणीनंतर दहिवराच्या दिवसांत थिसल फवारले, तर ते फवारणीने मेले की थंडीने, हे मागाहून कुणाला ओळखता येते काय?

कारण विचारू नये. तरी सांगतो. मी एक तक्रार केली आहे. ती केली तेव्हा ती मला फार आवडली होती. आता लोक म्हणतात, नेस्टरची टोपी जाईल आणि बाहेरगावचा कोणी तरुण निरीक्षक येईल. नेस्टर मग कॅफेत यायचा नाही, त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. तो आला नाही तर मी टेबलावर कुणाशी अबोला धरू? स्लावकोशी धरून काही उपयोग नाही, तो स्वतःशीच बोलत असतो. पण दिलेली तक्रार मागे घेणे होलोवाटींच्या रक्तात नाही. तण आपोआप मेले तर तक्रारच उरत नाही.

हे नेस्टरला कळता कामा नये.

झेनोन काका


सास्काटून
११ ऑक्टोबर

प्रिय झेनोनकाका,

एका शेतकऱ्याचा प्रश्न दुसऱ्याला सांगायचा नाही असा आमच्या खात्याचा नियम आहे, आणि मी तो पाळते. तेव्हा काळजी नसावी.

उत्तर असं: हलकं दहिवर पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी, पानं हिरवी असताना, उन्हाच्या दुपारी फवारावं. हवा दहा अंशांच्या वर हवी (नवे अंश). मागाहून कशानं मेलं ते बहुधा ओळखता येत नाही.

मनातलं सांगू का? फवारण्याऐवजी बोललात तर औषधाचा खर्च वाचेल.

तुमची,
ओरिसिया


सास्काटून
११ ऑक्टोबर

प्रिय नेस्टरमामा,

रात्री तुमच्याकडे दहिवर पडल्याचं रेडिओवर सांगितलं. म्हणजे शुक्रवारी, पोक्रोव्हाच्या सणाच्या दुपारी, फवारणीला अगदी योग्य हवा असेल. हे मी तुम्हाला सांगायलाच हवं, कारण ते खरं आहे.

पण आणखी एक गोष्ट लिहिते. तुम्हाला जे सांगितलं तेच मी इतर कुणी विचारलं तरी सांगेन. दोन माणसांसाठी हवा वेगवेगळी करता येत नाही. मामा, हे वाक्य कृपा करून दोनदा वाचा.

आज डब्यातलं सँडविच तसंच परत आणलं. आपण लोकांना खरं सांगितलं की त्यांचं भलं होतं, या समजुतीवर मी या नोकरीत आले. कुणाला काय सांगायचं नाही, याचा पेपर आम्हाला नव्हता.

तुमची,
ओरिसिया


झोरिया
१५ ऑक्टोबर

ओरिसिये,

ते वाक्य दोनदा वाचलं. छान आहे. सरकारी माणसानं असंच निःपक्ष असावं.

आता ऐक. काल पोक्रोव्हाचं जेवण. अख्खं गाव देवळाच्या हॉलमध्ये. पहिली वाढणी झाली नि मी पोट दुखतंय सांगून उठलो. पट्टीची पाहणी करायला गेलो होतो, दुसरं काही नाही. पाठीवर पंप होता, तो सहज. थिसलमध्ये उतरलो, मान वर केली, तर समोर झेनोन! त्याच्याही पाठीवर पंप! जेवण सोडून! देवाच्या दिवशी!

मधे बोलायला स्लावको नाही. मोठी पंचाईत. झेनोनचा कुत्रा बुर्को तेवढा होता.

मी म्हणालो, "बुर्को, तुझ्या मालकाला विचार, पाठीवर काय आहे."

तो म्हणाला, "बुर्को, निरीक्षकसाहेबांना सांग, पाणी आहे. आणि त्यांच्या पाठीवर काय आहे, तेही विचारून घे."

"पाणीच," मी म्हणालो.

"बुर्को, पाणी असेल तर कुठे तरी शिंपडून दाखवा म्हणावं. इथे नको, आपल्या बागेत."

"बुर्को, आधी त्याला दाखवू दे."

"बुर्को, दोघं एकदम!"

कुत्रं बिचारं मान वळवून वळवून दमलं आणि शेवटी आडवं झालं. मी माझ्या कुंपणावरून आत गेलो आणि परवाच लावलेल्या लसणाच्या वाफ्यावर निम्मा पंप मारला. वर काही उगवलेलं नाही, नुसती माती. उघड्या मातीवर तुमचं ते औषध बाद होतं, हे तूच मला मागे सांगितलं होतंस. तुझ्या शिक्षणाचा उपयोग होतो बघ! झेनोन मात्र तरातरा गेला आणि त्यानं बायकोच्या, परास्काच्या, कोबीवर असं शिंपडलं, की पाद्रीबुवासुद्धा पवित्र पाणी इतक्या सढळ हातानं शिंपडत नाहीत. म्हणजे त्याच्याकडे खरंच पाणी होतं. नुसतं पाणी घेऊन तो तिथे काय करत होता, हे मला रात्रभर कळलं नाही. म्हातारपणी माणसाचं डोकं फिरतं म्हणतात, ते हेच असावं.

थिसल आहे तसंच आहे.

मामा


झोरिया
१६ ऑक्टोबर

कु. ओरिसिया सावका यांस,

अत्यंत तातडीचे.

पाणी नव्हते.

कोबी आजही हिरवागार, टवटवीत दिसतो, हेच वाईट आहे. परास्का म्हणते शनिवारी सगळा कापून पिंपात खारवायला घालते. नाताळच्या होलुब्त्सीही त्याच पानांत भात गुंडाळून करणार. नाताळला आमच्याकडे पाद्रीबुवा जेवतात.

खाल्ला तर चालेल काय? हो किंवा नाही एवढेच लिहावे.

झेनोन

ता. क. नेस्टरने लसणावर ओतले, म्हणजे त्याच्याकडे खरोखर पाणीच होते. लसणाच्या बाबतीत तो कधी खोटे वागायचा नाही. मग तो पाणी घेऊन तिथे का आला होता? एकटा राहून त्याच्या डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना? तुम्ही भाची आहात, लक्ष ठेवा.


सास्काटून
१९ ऑक्टोबर

प्रिय झेनोनकाका,

नाही! एक पानसुद्धा नाही, जनावरांनाही घालू नका. हे पत्र मिळताच परास्काकाकूंना खरं काय ते सांगा. त्या रागावतील, आणि मग राग ओसरेल. बाकी कुठलाच उपाय मला सुचत नाही.

मामांच्या डोक्याला काही झालेलं नाही. म्हणजे तुमच्याइतकंच झालेलं आहे.

ओरिसिया


झोरिया
२४ ऑक्टोबर

ओरिसिये,

झेनोन गेला. म्हणजे जिवंत आहे, पण गेला. शुक्रवारी सकाळी त्यानं परास्काचा सगळा कोबी मुळासकट उपटला आणि मळ्यामागे खड्डा खणून पुरला. ती मागे मागे, हातात कलथा. "अरे मेल्या, हा कोबी आहे, कुणाचं प्रेत नाही!" माझ्या ओसरीपर्यंत ऐकू येत होतं. तो म्हणे, "स्वप्नात आई आली. म्हणाली, यंदा कोबी नको." परास्का म्हणाली, "तुझ्या आईला माझा कोबी कधीच चालला नाही, आता मेल्यावरही?" आता ती त्याच्याशी बोलत नाही. कॅफेत स्लावकोला दोन अबोले सांभाळावे लागतात, बिचाऱ्याची कॉफी थंड होते.

शनिवारच्या रात्री कडक थंडी पडली. बादलीतलं पाणी तळापर्यंत गोठलं. थिसल वरून काळंठिक्कर पडलंय. सोबत पाकिटात एक पान ठेवलंय. ते तपास आणि खात्याच्या कागदावर लिहून दे, की पट्टीतलं थिसल थंडीनं मेलं. खाली सही आणि पदवी. तुझं नाव आलं की कौन्सिल तोंड उघडायचं नाही.

ओरिसिये, हे मी तुझ्या मामीलासुद्धा सांगितलं नसतं. ती होती तोवर लोक आमच्याकडे यायचे. तिच्यानंतर मीच लोकांकडे जातो, ते टोपी घालून. निरीक्षक आला म्हटलं की दार उघडतात, कॉफी ओततात, शेताला एक फेरी मारतात. तण कुणी दाखवत नाही, पण नातवंडं दाखवतात. ही टोपी गेली तर उद्या कुणाच्या अंगणात कुठल्या निमित्तानं जाऊ? नुसता नेस्टर म्हणून? नुसत्या नेस्टरला कोण बोलावतंय?

तेवढी सही कर.

मामा


सास्काटून
२६ ऑक्टोबर

प्रिय नेस्टरमामा,

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि मग जिन्यात जाऊन पुन्हा वाचलं.

पाकिटातलं पान मेलेलं आहे. पण ते थंडीनं मेलं की पोस्टात राहून मेलं, हे मला ओळखता येत नाही. खरं मानलं तरी ते एकच पान आहे. खाली मूळ जिवंत आहे, हे मला इथे बसून ठाऊक आहे, आणि तुम्हालाही आहे. जूनमध्ये ते फुटेल, तेव्हा माझी सही त्याला थांबवू शकणार नाही.

मी सही करणार नाही. रागावू नका असं म्हणत नाही. रागवा. पण शुक्रवारनंतर हवा जरा उघडेल असं म्हणतात, एवढं लक्षात ठेवा.

तुमचीच,
ओरिसिया


झोरिया, बसथांब्याच्या बाकावर
शनिवार, २९ ऑक्टोबर

प्रिय नेस्टरमामा आणि झेनोनकाका,

हे पत्र दोघांना मिळून एकच आहे. त्याची नक्कल मी केलेली नाही. ते स्लावकोकाकांकडे देते आहे, सोमवारी टेबलावर ठेवायला. ज्याला आधी वाचायचं त्यानं आधी वाचावं, आणि मग समोरच्याला स्वतःच्या हातानं द्यावं. स्लावकोकाका मधे हात घालणार नाहीत, तसं त्यांनी मला वचन दिलं आहे.

आज दुपारी मी काय केलं ते तुम्ही दोघांनी पाहिलंच. मी बसमधून उतरून सरळ पट्टीत गेले, तुमच्या कुणाच्याच घरी आले नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एकाकडे आधी गेले असते तर दुसऱ्याच्या मते मी बाजू घेतली असती. पंप खात्याचा नाही, विकत आणलेला आहे, आणि आजची माझी सुट्टी मंजूर झालेली आहे. अंगात लाल कोट मुद्दाम घातला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला मी हात केला. तुम्ही दोघं आपापल्या खिडकीच्या पडद्याआड उभे होतात. तुम्हालाही हात केला. दोन्ही पडदे हलले. बाहेर मात्र कुणी आलं नाही. का ते मला कळत होतं. बाहेर येऊन "माझ्या जमिनीत काय करतेस" म्हणावं, तर जमीन आपली ठरते.

आता थिसलबद्दल. वरचे दांडे मेले आहेत, मामांनी लिहिलं ते खरं आहे. पण मी गुडघे टेकून गवत बाजूला केलं, तर खाली, थंडीपासून झाकलेली, जमिनीला चिकटलेली नवी पानं होती. हिरवी होती. बोटात वाकवली तर मोडली नाहीत. हवा नव्या अंशांत बारा होती, जुन्यात किती ते मामांनी काढावं. एवढ्या उशिरा आणि एवढ्या थंडीनंतर फवारून किती मुळं मरतील, हे मी सांगू शकत नाही. निम्मी मेली तरी पुष्कळ. वाट पाहत बसले असते तर एकही मेलं नसतं. म्हणून जिथे हिरवं दिसलं तिथे फवारलं, काळ्यावर औषध वाया घालवलं नाही.

मधेच परास्काकाकू चहाचा थर्मास घेऊन आल्या. त्यांनी कसली शपथ घेतलेली नाही, त्यामुळे त्यांना बाहेर येता आलं.

"तू तरी सांग," त्या म्हणाल्या, "माझ्या कोबीचं काय झालं?"

मी म्हणाले, "काकू, ते मला सांगता येत नाही. काकांना विचारा."

"म्हणजे तुला माहीत आहे."

मी पंपाचा पट्टा सारखा केला. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्या पाठीवरच्या पंपाकडे पाहिलं, मळ्यामागच्या खड्ड्याकडे पाहिलं. मग झेनोनकाकांच्या खिडकीकडे तोंड करून त्या इतक्या हसल्या, की थर्मासचं झाकण गवतात पडलं. झेनोनकाका, आज घरी जे व्हायचं ते एव्हाना झालं असेल. खरं सांगायला मी तुम्हाला एकोणीस तारखेलाच म्हटलं होतं.

तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या वेळी मला जे काही लिहिलं असेल किंवा नसेल, ते माझ्या खणात आहे आणि खणातच राहील. पण कॅफेतलं बोलणं खासगी नव्हतं, ते अख्ख्या टेबलानं ऐकलं आहे. जो फवारेल त्याची पट्टी. मामा म्हणाले, काका कबूल म्हणाले, देवाशप्पथ म्हणाले. फवारलं मी. तेव्हा पट्टी माझी.

कौन्सिलच्या पेटीत मी तसं पत्र टाकलं आहे: पट्टीतल्या तणाची जबाबदारी माझी, फवारणी केली आहे, तक्रारीत मालक म्हणून ज्याचं नाव घालायचं त्याच्या जागी माझं घालावं. एक विनंतीही केली आहे. तण खरंच मेलं का, हे जूनमध्ये कळेल, आणि ते पाहायला निरीक्षक तोच असावा ज्याला ही पट्टी ठाऊक आहे. नव्या माणसाला थिसल कुठे होतं ते सापडायचंही नाही. सोबत तक्रारदारानंही यावं, म्हणजे मागाहून कुरकुर नको. कौन्सिलचा कारकून तेव्हा पेटी उघडतच होता. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "मंगळवारच्या बैठकीत आता एवढंच उरलं, की नेस्टरला नवी टोपी द्यायची का. जुनीला भोक पडलंय."

मामा, तुम्ही विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही. थिसल कशानं मेलं हे मागाहून बघून ओळखता येत नसेल. पण या वेळी ओळखायची गरज नाही, सगळ्या गावानं पाहिलं आहे. आणि नुसत्या नेस्टरला कोण बोलावतं म्हणालात, तर मालकीण म्हणून पहिलं बोलावणं माझं. टोपी घालून या किंवा न घालता.

आता बस येईल. एकच राहिलं.

माझ्या जमिनीच्या दोन्ही बाजूंना तुमची कुंपणं आहेत, आणि मला माझ्या जमिनीत जायला वाट नाही. म्हणून फवारणी झाल्यावर, परास्काकाकूंची पक्कड घेऊन, पाणवठ्याजवळच्या जुन्या विलोच्या झाडापाशी दोन्ही कुंपणांच्या तारा मी एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत सोडवल्या. काकूंनी धरल्या, मी गुंडाळल्या. तेही तुम्ही पडद्याआडून पाहिलंत. त्या तारा तुमच्या आहेत आणि मला त्या ठेवून घ्यायच्या नाहीत, म्हणून दोन्ही वेटोळी दारांशी ठेवली आहेत. नेस्टरमामांची तार झेनोनकाकांच्या पायरीवर, आणि झेनोनकाकांची नेस्टरमामांच्या.

तुमची शेजारीण,
ओरिसिया